तेवीस तास

मोटारींच्या शर्यतीचा आणि आमचा संबंध काडीचाही नाही. आमचे सारे आयुष्य सायकल, एसटी आणि लोकल या तीन वाहनांत सरले. मोटार चालविण्याचा प्रसंग आमच्यावर कधी आला नाही, आणि आला असता तरी घरच्यांनी तो आमच्या हाती लागू दिला नसता. असे असूनही गेली कित्येक वर्षे एक फ्रेंच शर्यतपटू आमच्या मनात ठाण मांडून बसला आहे. पिएर लेव्हेग त्याचे नाव. एका जुन्या परदेशी मासिकाची पाने चाळीत असता त्याची आमची प्रथम भेट झाली. पुढे जिथे मिळेल तिथून त्याच्याविषयी आम्ही वाचीत गेलो. वाचता वाचता ध्यानी आले की, जगाला हा मनुष्य ठाऊक आहे तो त्याच्या आयुष्याच्या अखेरच्या दोन-तीन क्षणांपुरता. त्या क्षणांत त्याच्याबरोबर ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, त्यामुळे जगाला तरी दोष कसा द्यावा? परंतु आमचे मन त्या क्षणांपाशी थांबले नाही. ते तीन वर्षे मागे गेले, १९५२ सालच्या एका रविवारच्या दुपारपाशी, आणि तिथेच घुटमळत राहिले. त्याचे कारण आमच्या घरातले आहे. ते ओघाने येईलच.

पॅरिसच्या नैर्ऋत्येस सुमारे दोनशे किलोमीटरवर ल माँ नावाचे जुने शहर आहे. तेथे १९२३ सालापासून दर वर्षी, काही अपवाद वगळता, मोटारींची चोवीस तासांची शर्यत भरते. इतर शर्यतींत ठराविक अंतर सर्वांआधी कापणारा जिंकतो. येथे काळ ठराविक आणि अंतर मोकळे. शनिवारी दुपारी चार वाजता निघायचे, रात्रभर धावायचे, रविवारी दुपारी चार वाजता थांबायचे. तेवढ्या वेळात ज्याची मोटार सर्वांत दूर गेली तो विजयी. त्या काळी फेरी सुमारे साडेतेरा किलोमीटरांची होती आणि मार्ग म्हणजे एरवी शेतकऱ्यांच्या गाड्या ज्यावरून जात तोच सार्वजनिक रस्ता. या शर्यतीत वेगापेक्षा टिकण्याला मोल. ब्रेक झिजतात, दिवे विझतात, पहाटेचे धुके उतरते; आणि सर्वांआधी थकतो तो माणूस. म्हणून प्रत्येक मोटारीला त्या काळी दोन चालक असत. एकाने चालवावे, दुसऱ्याने विसावा घ्यावा, मग चाक एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हाती जावे, अशी ही रचना.

लेव्हेगचे खरे नाव पिएर बुयाँ. जन्म पॅरिसचा, डिसेंबर १९०५ मधला. त्याचा एक मामा-काका कुणी आल्फ्रेद वेल्घ मोटारयुगाच्या आरंभीच्या शर्यती गाजवून १९०४ साली, म्हणजे पिएरच्या जन्माआधीच, वारला होता. आपल्या आडनावाच्या अक्षरांची उलटापालट करून वेल्घने ‘लेव्हेग’ हे शर्यतीपुरते नाव घेतले होते. न पाहिलेल्या त्या आप्ताचे नाव भाच्या-पुतण्याने वारशासारखे उचलले. (फ्रेंचांना मामा आणि काका यांसाठी एकच शब्द पुरतो, म्हणून आमची ही अडचण.) तरुणपणी तो टेनिस आणि बर्फावरची हॉकी उत्तम खेळे. मोटारींच्या शर्यतीत मात्र त्याचा जम उशिरा बसला. ल माँला तो १९३८ साली प्रथम उतरला. पुढे युद्धाने दहा वर्षे ही शर्यतच बंद पाडली. १९५० आणि १९५१ या वर्षांत तालबो मोटारीतून तो ग्रां प्रीच्या सहा शर्यतींत धावला. त्यांत त्याला एकही गुण मिळाला नाही. १९५१ साली ल माँला रने मार्शां या जोडीदाराबरोबर तो चौथा आला. एवढीच त्याची कमाई, आणि वय तोवर पंचेचाळीस उलटलेले.

त्या काळातील ल माँची एक हकीकत येथे सांगितली पाहिजे, नाहीतर लेव्हेगचे पुढचे वर्तन निव्वळ वेडेपणाचे वाटेल. युद्धानंतरच्या पहिल्या शर्यतीत, १९४९ साली, लुइजी किनेत्ती याने जोडीदार लॉर्ड सेल्सडन यांची प्रकृती ठीक नसल्यामुळे जवळजवळ साऱ्या शर्यतभर फेरारी एकट्याने चालविली आणि तो जिंकला. १९५० साली लुई रोझिए याने तालबो मोटारीतून तेच केले. त्याचा जोडीदार म्हणजे त्याचाच मुलगा. त्याच्या वाट्याला अवघ्या दोन फेऱ्या आल्या. त्याच वर्षी एडी हॉल नावाच्या इंग्रजाने तर आपली जुनी बेंटली पूर्ण चोवीस तास एकट्याने हाकली, चाक एकदाही दुसऱ्याच्या हाती दिले नाही. तो आठवा आला. आठव्याला कोण लक्षात ठेवतो! तेव्हा एकट्याने चालवून जिंकणे हे लेव्हेगच्या डोळ्यांदेखत घडलेले होते, आणि तेही त्याच्याच जातीच्या मोटारीने.

१४ जून १९५२ रोजी चार वाजता तो निघाला. मोटार त्याची स्वतःची होती. जोडीदार गतवर्षीचाच, रने मार्शां. त्या वर्षी जर्मन मर्सिडीझ कंपनी युद्धानंतर प्रथमच ल माँला आली होती. फ्रान्सवरील जर्मन अंमल संपून आठ वर्षेही लोटली नव्हती. प्रेक्षकांत बसलेल्यांपैकी अनेकांनी तो भोगलेला होता. मर्सिडीझचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर हे आपल्या चालकांना वेग हातचा राखून चालण्यास सांगत होते. रात्री आघाडीवरच्या गोर्दिनी मोटारीचे ब्रेक निकामी झाले, ती बाहेर पडली, आणि लेव्हेगची तालबो पहिली झाली.

मार्शां पिटमध्ये तयार होता. पिट म्हणजे रस्त्याच्या कडेचा तळ, जेथे मोटारी पेट्रोलसाठी, टायरसाठी आणि चालक बदलण्यासाठी थांबतात. लेव्हेग थांबे, पेट्रोल घेई आणि मान हलवून पुन्हा निघून जाई. पत्नीने, सहकाऱ्यांनी विनविले असे सांगतात. पहाट झाली, सकाळ झाली. तो उतरला नाही. सकाळी त्याची आघाडी चार फेऱ्यांची होती, म्हणजे पन्नासहून अधिक किलोमीटरांची. ही आघाडी घेऊन मार्शांने शेवटचे काही तास सावकाश चालविले असते तरी पुरले असते, हे आज कागदावर मांडता येते. शर्यत संपायला सुमारे तासभर उरला असताना तालबोचे इंजिन मोडले. मोटार जागीच थांबली. हेर्मान लांग आणि फ्रिट्झ रीस यांची मर्सिडीझ जिंकली, दुसरीही मर्सिडीझच आली. फ्रेंच प्रेक्षकांना हे किती झोंबले असेल, याची कल्पना करावी. तेवीस तास ज्याला डोक्यावर घेतले त्यालाच पुढे बोल लावला गेला.

इंजिन का मोडले याची दोन उत्तरे आहेत. थकलेल्या हाताने गिअर चुकला आणि इंजिनाला न पेलणारा वेग त्याच्या माथी बसला, हे एक. दुसरे असे की, क्रँकशाफ्टचा एक बोल्ट सुटला. ते मोटारीचे दुखणे होते, माणसाचे नव्हे. लेव्हेगचे म्हणणे असे की, आरंभापासूनच त्याला इंजिनात एक थरथर जाणवत होती. ती सांभाळीत कसे चालवावे हे आपल्यालाच उमगले आहे, मार्शांला ते जमणार नाही, अशी त्याची खात्री होती.

नेमक्या याच वाक्याशी आम्ही अडखळलो.

आमची आई तिच्या अखेरच्या दुखण्यात एकोणीस दिवस रुग्णालयात होती. रात्री तिच्याजवळ आम्ही बसत असू. धाकटा भाऊ रोज सायंकाळी डबा घेऊन येई; डब्याबरोबर त्याच्या काखेत एक घडी केलेली चादर असे. “दादा, आज मी राहतो. तू घरी जा, जरा पाठ टेक,” तो म्हणे. आम्ही मान हलवीत असू. त्याला औषधांच्या वेळा कळणार नाहीत. कोणत्या कुशीवर वळविले म्हणजे आईला धाप लागत नाही हे त्याला ठाऊक नाही. सलाईनची नळी हातावरून कशी घ्यावी हे परिचारिकेपेक्षाही आम्हाला अधिक समजते. हे सारे खरे होते. तो चादर घेऊन परत जाई. तो दाराबाहेर गेल्यावर आई बराच वेळ दाराकडे पाहात राही, तेही आम्ही पाहिले होते. पण ते पाहिले असल्याचे आम्ही त्या वेळी स्वतःला कळू दिले नाही. एकोणिसाव्या रात्री चार वाजेपर्यंत आम्ही जागे होतो. साडेचारचे औषध द्यायचे होते. आम्हाला जाग आली ती परिचारिकेने खांद्याला हात लावला तेव्हा. बाहेर उजाडले होते, आणि आई गेलेली होती.

भावाने आजवर त्याविषयी एक शब्द काढलेला नाही. सांत्वनाला आलेले सर्वजण मात्र आमच्या सेवेची वाखाणणी करीत होते. लोकांनी बोल लावले असते तर ते सोसणे सोपे गेले असते, असे वाटते. लेव्हेगला निदान तेवढा दिलासा लाभला.

तेव्हा लेव्हेगने चाक का दिले नाही, हा प्रश्न आम्ही त्याला परक्यासारखा विचारू शकत नाही. त्यात अहंकार होता काय? असेलच. परंतु केवळ अहंकारावर माणूस तेवीस तास जागत नाही. मोटारीवर त्याचे प्रेम होते, तिची थरथर त्याच्या तळहातांना कळत होती, आणि त्या प्रेमाच्या आड, त्यालाही न दिसेल अशा रीतीने, दुसऱ्यावरचा अविश्वास दडून बसला होता. प्रेम आणि अविश्वास एकाच अंथरुणावर निजू शकतात, हे आम्हाला रुग्णालयातील त्या लोखंडी खाटेशेजारी बसूनही कळले नव्हते. एका परदेशी मासिकातून कळावे, हे विचित्रच म्हणायचे. पुढे एका चालकाने किती वेळ चालवावे यावर शर्यतीच्या नियमांनीच बंधन घातले. आज कोणालाही चोवीसांपैकी चौदा तासांपेक्षा अधिक चाक हाती ठेवता येत नाही. घरांना असे नियम नसतात.

१९५५ साली याच नॉयबाउअरनी लेव्हेगला मर्सिडीझच्या चमूत बोलाविले. तीन वर्षांपूर्वीच्या झुंजीची ती कदर होती असे म्हणतात. युद्ध संपून दहा वर्षे झालेली असता जर्मन चमूत फ्रेंच माणूस असणे शोभेचे होते, हेही खरे. त्या चमूची रचना पाहण्याजोगी आहे. अर्जेंटिनाचा हुआन मान्युएल फांजिओ व इंग्लंडचा स्टर्लिंग मॉस एका मोटारीत. कार्ल क्लिंग हा जर्मन व आंद्रे सिमों हा फ्रेंच दुसरीत. आणि तिसरीत लेव्हेगबरोबर जॉन फिच हा अमेरिकन, जो युद्धात वैमानिक होता आणि जर्मनांच्या कैदेतही राहिला होता. लेव्हेग एकोणपन्नास वर्षांचा झाला होता. मोटार मात्र अगदी नवी, त्याने आजवर चालविलेल्या मोटारींहून कितीतरी वेगवान.

११ जूनच्या त्या शनिवारी अडीच लाखांच्या आसपास माणसे जमली होती. पहिल्या अडीच तासांत फांजिओ आणि जॅग्वारचा माइक हॉथॉर्न यांच्यात अशी चुरस लागली की, ही शर्यत चोवीस तासांची आहे याचा दोघांनाही विसर पडलेला दिसत होता. सायंकाळी सहा वाजून पंचवीस मिनिटे उलटली होती. पिटसमोरचा रस्ता अरुंद; पिट आणि रस्ता यांच्यामध्ये भिंत नाही, कठडा नाही. पलीकडे मातीचा बांध आणि त्यामागे दाटीने उभे असलेले लोक. हॉथॉर्नने लान्स मॅक्लिनच्या ऑस्टिन-हीलीला मागे टाकले आणि पिटमध्ये शिरण्यासाठी उजवीकडे घेऊन ब्रेक दाबला. जॅग्वारचे ब्रेक नव्या धर्तीचे, डिस्कचे, इतरांहून फार जोरकस. मॅक्लिनने धडक चुकविण्यासाठी मोटार डावीकडे काढली. तिच्यामागून ताशी दोनशे किलोमीटरांहून अधिक वेगाने लेव्हेग येत होता, आणि त्याच्या मागे फांजिओ. त्या वेगात एका सेकंदात पन्नासहून अधिक मीटर मागे पडतात. विचार करायला सवड नसते. लेव्हेगची मोटार मॅक्लिनच्या मोटारीच्या उतरत्या पाठीवर चढली, उडाली आणि बांधावर आदळली. लेव्हेग बाहेर फेकला जाऊन तत्काळ मरण पावला. मोटारीचे इंजिन आणि पुढचे भाग सुटून गर्दीतून गेले. उरलेल्या सांगाड्याने पेट घेतला. त्यातला मॅग्नेशियमचा मिश्रधातू पाण्याने विझेना, उलट अधिकच भडकला. त्यापुढचे वर्णन आम्ही करणार नाही. ज्या गवतावर घडीभरापूर्वी कुटुंबे फराळाच्या टोपल्या उघडून बसली होती, तेथे धर्मगुरू गुडघे टेकून मरणाऱ्यांना अंतिम अभ्यंग देत होते, एवढेच पुरे.

फांजिओ त्या धुरातून वाचून बाहेर पडला. धडकेपूर्वी लेव्हेगने हात वर करून आपल्याला सावध केले, म्हणून आपण जिवंत राहिलो, असे तो सांगत असे. तो हात सावध करण्यासाठीच उठला होता का, याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. आम्ही फांजिओवर विश्वास ठेवतो. ज्याचा जीव वाचला त्याची साक्ष आम्हाला पुरते.

शर्यत थांबविली गेली नाही. एवढा जमाव एकदम रस्त्यावर आला तर रुग्णवाहिकांची वाट अडेल, असे कारण संयोजकांनी दिले. त्यात तथ्य होते, तरी ऐकणाऱ्याच्या घशाखाली ते सहज उतरत नाही. रात्री पावणेदोनच्या सुमारास मर्सिडीझने, पहिल्या क्रमांकावर असतानाही, आपल्या मोटारी काढून घेतल्या. जॅग्वार धावत राहिली. हॉथॉर्न आणि आयव्हर ब्यूब विजयी झाले. मग दोषारोपांची दुसरी शर्यत सुरू झाली. कुणी हॉथॉर्नकडे बोट दाखविले, कुणी मॅक्लिनकडे, आणि उत्तर द्यायला जिवंत नसलेल्या लेव्हेगकडे तर अनेकांनी. वय झालेले, मोटार न पेलणारी, याला बोलाविले कोणी, अशी ती भाषा. अधिकृत चौकशीत कोणाही चालकावर दोष ठेवला गेला नाही. रस्ता जुना आणि मोटारी नव्या, हे खरे कारण ठरले. पुढच्या वर्षापर्यंत पिट आणि प्रेक्षागृहे पाडून नव्याने बांधली गेली. मर्सिडीझने त्या वर्षअखेरीस शर्यतींतून अंग काढून घेतले. स्वित्झर्लंडने अशा शर्यतींवर बंदी घातली, ती अनेक दशके टिकली. हॉथॉर्नने आत्मचरित्रात स्वतःला निर्दोष ठरविले. त्यावर मॅक्लिनने बदनामीचा दावा लावला. दावा चालू असतानाच, जानेवारी १९५९ मध्ये, हॉथॉर्न एका साध्या सार्वजनिक रस्त्यावरील मोटार अपघातात मरण पावला.

या साऱ्या कोलाहलात एक लहानशी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते. अपघात झाला तेव्हा जॉन फिच पिटजवळ लेव्हेगच्या पत्नीसोबत उभा होता. शर्यतीचा पोशाख त्याने चढविलेला होता. चालक बदलण्याची वेळ जवळ आली होती. तीन वर्षांपूर्वी तेवीस तास ज्याने चाक सोडले नाही, तो या खेपेस ते थोड्याच वेळात दुसऱ्याच्या हाती देणार होता.

फिच पुढे पुष्कळ जगला. २०१२ साली, पंचाण्णव वर्षांचा होऊन तो वारला. त्या सायंकाळनंतर रस्त्यावरची माणसे कशी वाचवावीत याच प्रश्नाने त्याला घेरले. वाळू भरलेली प्लास्टिकची पिंपे रचून त्याने एक अडसर तयार केला. वेगाने येणारी मोटार त्यावर आदळली की पिंपे फुटतात, वाळू उधळते आणि मोटारीचा वेग क्रमाक्रमाने गिळला जातो. अमेरिकेच्या महामार्गांवर, पुलांच्या खांबांपुढे आणि फाट्यांच्या तोंडाशी ती पिंपे लागली. त्यांवर आदळून किती माणसे आपापल्या घरी परतली असतील, आणि त्यांतल्या कितीजणांना पिएर लेव्हेग हे नाव ठाऊक असेल!

गेल्या पावसाळ्यात भाऊ आमच्याकडे दोन दिवस राहून गेला. वीज गेलेली होती. दुसरे काही करण्यासारखे नव्हते म्हणून आम्ही त्याला ही सारी हकीकत सांगितली. मोटारींविषयी आमच्याइतकाच तो अजाण. तरी निमूट ऐकत होता. १९५५ चा भाग संपल्यावरही तो काही बोलला नाही. बऱ्याच वेळाने त्याने एवढेच विचारले, “पहिल्या शर्यतीतला तो दुसरा... मार्शां. तो त्या वेळी कुठे होता, दादा?”

“पिटमध्येच,” आम्ही म्हणालो. “तयार.”

त्याने मान हलविली. मग उठून त्याने मेणबत्तीची वात खुडली आणि झोपण्यासाठी चादर मागितली. ती आम्हीच अंथरून दिली.